दोन तपासण्या आणि पहिला कॅन

मी चौसाळ्यात घरूनच काम करते. दूध संकलन केंद्रावर जे यंत्र दुधाचं तापमान आणि फॅट दाखवतं, त्याचं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. बाकीचे सगळे पुण्यात. रोज सकाळी आमच्या सगळ्या चाचण्या आपोआप चालतात.

त्या मंगळवारी एकही चाचणी पास झाली नव्हती. सगळा पडदा लाल.

आदल्या दिवशी मी मेमरी तपासणारं एक साधन लावलं होतं. ते प्रोग्राममध्येच मिसळून जातं आणि प्रोग्रामनं परक्या जागेत पाऊल टाकलं की ओरडतं. पुण्यातल्या आमच्या टीमप्रमुख मॅडमनीही त्याच संध्याकाळी दुसरं साधन लावलं होतं. ते बाहेरून प्रोग्रामला कुशीत घेऊन चालवतं आणि न भरलेली जागा वाचली की पकडतं. एकमेकींना सांगायचं राहूनच गेलं.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुझ्या बदलानं पडलंय बघ."

"पण मॅडम, काल माझ्याकडे सगळं हिरवं होतं."

"माझ्याकडेपण होतं की! त्यानंतर एक नवं साधन नुसतं जोडून ठेवलं, चालवलं नव्हतं."

मग मी काहीच न करणारा एक प्रोग्राम लिहिला, जेमतेम तीन ओळींचा. दोन्ही साधनं लावून चालवला, तर तोही सुरू होण्याआधीच कोसळला. म्हणजे आमच्या कोडचा दोष नव्हता. मला मजाच वाटायला लागली.

आई चहा घेऊन आली. "कावून गं, एकटीच हसतीस?"

"दोघं तपासायला बसलेत, आई, पण एक म्हणतोय माझी जागा कुणीतरी धरलीय."

"कुनी धरली, ते लिवलंय का न्हाई?"

लिहिलं नव्हतं. म्हणून मी मेमरीचा नकाशा काढून पाहिला. माझ्या साधनाला नोंदी ठेवायला मेमरीतला एक भलामोठा पट्टा ठरलेल्या ठिकाणीच लागतो, आणि मॅडमचं साधन आधीच तिथं ठाण मांडून बसलं होतं. चूक कुठल्याच साधनाची नव्हती. ती एकत्र चालणारच नव्हती.

आम्ही दोन वेगळ्या फेऱ्या केल्या. माझ्या फेरीत सगळं हिरवं. मॅडमच्या फेरीत मात्र एक चाचणी अडली. यंत्र सुरू झाल्यावर पहिलं तापमान मोजताना आमचा प्रोग्राम मेमरीतला एक आकडा भरण्याआधीच वाचत होता. आमच्या संगणकांवर तिथं योगायोगानं शून्य असायचं, म्हणून कुणाला पत्ताच लागला नव्हता.

"आणि केंद्रावर काय असेल?" मॅडमनी विचारलं.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढली आणि लिंबागणेशच्या केंद्रावर गेले. यंत्र चालवणाऱ्या काकांना विचारलं, "पहिल्या कॅनचं तापमान बरोबर येतं का?"

"पयल्याला लई येडं दावतंय, ताई. कवा शंभर, कवा उणे. आमी दोनदा मोजतो."

"मग कळवलं का नाही?"

"मशीन हाय, गरम व्हायला टाइम लागत असंल, असं वाटलं."

त्यांनी पुढचा कॅन ओढला. मी बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि न भरलेला आकडा वाचणारी ती ओळ तिथंच दुरुस्त करायला घेतली.