आईचं न दुखणारं पोट

आईचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन दुपारी झालं. ते संपता संपता भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोटाच्या दोन्ही बाजूंना सुया देऊन तिथल्या नसा बधिर केल्या. बाहेर येऊन मला बजावलं, "उद्या सकाळपर्यंत असर उतरेल. दुखायला लागलं की लगेच सांगा. दुखलं तर त्या खोकणार नाहीत, आणि खोकल्या नाहीत तर छातीत कफ साठेल." मी मान डोलावली. दुखणं अंगावर काढण्यात माझ्या आईचा हात धरणारं अख्ख्या भवानी पेठेत कुणी नाही, हे त्यांना कुठं सांगत बसू?

वॉर्डात आणलं तेव्हा थोरली मावशी अक्कलकोटहून अंगारा घेऊन हजर होती. तिनं तो आईच्या कपाळाला लावला. थोड्या वेळानं आईनं डोळे उघडले. "अक्का, जरा बी दुखत न्हाय की गं!"

झालं. सुया राहिल्या बाजूला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं अंगारा मागून घेतला, समोरची हात पुढं करून बसली. डॉक्टरांनी नसा बधिर केल्यात, असं मी दोनदा सांगितलं. मावशी म्हणाली, "व्हय की, पन डॉक्टरला बुद्धी कुनी दिली?"

सकाळी आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम, हात खाटेच्या दांड्यावर आवळलेला, घशात कफाची घरघर, आणि खोकायचं नाव नाही. सिस्टरनं विचारलं, "आजी, दुखतंय का?"

"न्हाय."

कळ येऊन पाय आखडतोय आणि म्हणे न्हाय! सिस्टर पुढच्या खाटेकडं गेली. माझं डोकं फिरलं. कानाशी वाकून विचारलं, "आई, खोटं कशाला बोलतेस?"

"हळू बोल," ती पुटपुटली. "अक्का बसलीय की. दुखतंय म्हनलं तर तिला काय वाटंल?"

छातीत कफ भरला तर आम्हाला काय वाटेल, हे मात्र कुणी विचारायचं नाही. मी सरळ मोठ्यानं म्हटलं, "मावशी, तिला दुखतंय. तुझ्या भिडेपायी सांगत नाहीये."

आता ही रुसून एसटी स्टँड गाठणार, असं मला वाटलं. पण ती उठून आईवरच खेकसली, "येडे, माझ्या गुडघ्यांस्नी रोज ह्योच अंगारा लावते की मी. दुखायचं ते दुखतंयच. सांगायला काय झालं तुला?"

"मग आदी न्हाय बोलायचं?" आई ओरडली, आणि तिचा बांधच फुटला. "लई दुखतंय गं अक्का, लई दुखतंय!"

सिस्टर इंजेक्शन घेऊन धावत आली. कळ ओसरल्यावर मावशीनं तिच्या पोटाशी उशी दाबून धरली आणि आई एकदाची खोकली.

आयुष्यभर मी विचारलं की ही बाई "न्हाय" म्हणत आली. त्या दिवशीसुद्धा तिनं सांगितलं ते अक्काला. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही, आणि याचा राग मला अजून येतो.