तिसऱ्या फलाटावरची गाडी

"विचारायचं कशाला? पाटी वाचा!"

आमच्या साहेबांचं हे वाक्य अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत पाठ नसलेला माणूस विरळा. एसटी स्टँडवर कुणी "ही गाडी कुठली हो?" म्हणायची खोटी, साहेब बोट वर करून हजर. तुमच्याही ओळखीत असा एखादा परोपकारी असेलच. तो तुम्हाला गाडीपर्यंत नेत नाही, पण तुमचं अज्ञान तुमच्या पदरात नीट घालतो.

सरकारनं त्यांना एकदा ट्रेनिंगसाठी मॉस्कोला पाठवलं होतं. यंत्रांबद्दल काय शिकून आले ते यंत्रांनाच ठाऊक. आम्हा कारकुनांच्या वाट्याला आली ती तिथली मेट्रो. जमिनीखाली संगमरवरी स्टेशनं, छताला झुंबरं, आपोआप सरकणारे जिने. पाच कोपेकचं नाणं टाकायचं आणि हवं तितकं फिरायचं. "आणि मी कुणाला चकार शब्द विचारला नाही!" इथवर गोष्ट येईपर्यंत आमचा चहा गार झालेला असे. त्यांचा संपलेला असे.

चिपळूणच्या स्टँडवर गाडी लागली की आम्ही खिडकीतून रुमाल, पिशव्या, छत्र्या टाकून जागा धरायचो. साहेब इस्त्रीच्या शर्टात बाजूला उभे.

"मॉस्कोत दीड मिनिटाला गाडी येते. झोंबायचं कशाला?"

इथं ती दोन तासांनी येते, असं मी एकदा नम्रपणे सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेळापत्रक मीच बनवलं होतं. मग ते अलोऱ्यापर्यंत दांडीला लोंबकळत उभे, आणि मी खिडकीशी वारा खात.

त्यांची आई खेडच्या आतल्या एका गावात राहायची. तिला वाचता येत नव्हतं. नातीच्या बारशाला ती पहिल्यांदाच एकटी यायला निघाली, तेव्हा या जगप्रवाशानं तिला मार्ग आखून दिला. "चिपळूणला उतरायचं, तिसऱ्या फलाटावरच्या गाडीत बसायचं, अलोऱ्याला मी उभा असेन. आणि कुणाला काही विचारत बसू नकोस. लोक अडाणी समजतात."

बारशाच्या दिवशी सकाळची गाडी आली. आई नव्हती. दुपारची आली, तीतही नव्हती. घरी पाळणा सजला होता, बायका आजीची वाट पाहत होत्या. तिसरी गाडीही रिकामी झाली, तेव्हा साहेबांचा चेहरा पाहवेना. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते चिपळूणला निघाले. सबंध रस्ताभर मॉस्कोचं नाव नाही.

स्टँडवर अलोऱ्याची गाडी त्या दिवशी चौथ्या फलाटावर लागत होती. कारण तिसऱ्यावर पहाटेपासून एक बिघडलेली एसटी उभी होती. ना ड्रायव्हर, ना कंडक्टर. आणि पहिल्याच बाकावर, नवं लुगडं नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन आई बसली होती.

"आये!" साहेबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. "अगं, ही गाडी बंद आहे!"

"मला काय म्हायती? वाटला, आता हलेल, मंग हलेल. मानसा बाजूनं जात व्हती. पन तू सांगितलास, कुनाला इचारू नको. मंग नाय इचारला."

गाडी सुटेल म्हणून ती पाणी प्यायलाही उतरली नव्हती.

साहेब तिच्या शेजारी मटकन बसले. मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मॉस्कोत पहिल्या रविवारी मी गोल मार्गावर फिरणाऱ्या गाडीत चढलो. पाट्या सगळ्या त्यांच्या लिपीत, एक अक्षर कळेना. विचारायची लाज वाटली. तीच ती स्टेशनं दिवसभर येत राहिली. शेवटी रडायलाच लागलो. मग एका म्हातारीनं हाताला धरून बाहेर काढलं."

माझ्या जिभेवर एक झकास टोमणा आला होता. तो गिळला.

आईनं लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "आनि दिवसभर जेवलास काय?"

बारसं झालं, अंमळ उशिरा.

साहेब सुधारले म्हणाल, तर छे. झुंबरं, संगमरवर, सरकते जिने पुन्हा सुरू झाले. फक्त "चकार शब्द" गळाला. आणि स्टँडवर एक नवाच प्रकार दिसू लागला. डोक्यावर हातभर अक्षरांत पाटी असताना साहेब कंडक्टरला ओरडून विचारत, "ही गाडी अलोऱ्यालाच जाते ना हो?"

"साहेब, रोज जाता की!"

डोक्यावर परिणाम झाला म्हणून मी हसलो. मग ध्यानात आलं की दर वेळी जवळपास गाठोडंवाली एखादी म्हातारी असते, आणि उत्तर ऐकून ती मुकाट्यानं गाडीत चढते.

पुढे त्यांची विदर्भात बदली झाली. त्यानंतर एकदा चिपळूणला गाडी लागली, मी खिडकीतून रुमाल टाकायला हात उचलला. शेजारी एक म्हातारी गाठोडं छातीशी धरून पाटीकडे नुसतीच बघत उभी होती. साहेबांची फार आठवण आली. मी रुमाल खिशात घातला.

"ही गाडी अलोऱ्यालाच जाते ना हो?"

"डोळं फुटलं काय तुमचं?" कंडक्टर खेकसला. "अलोऱ्यालाच!"

म्हातारी चढली. मी अलोऱ्यापर्यंत उभ्यानं गेलो.