न्हाणीतलं चाक
ओल्या बाभळीच्या लाकडाचा वास आला की लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हाचं आमचं दार आठवतं. दारापुढं आमची दमणी उभी असायची, जत्रेला आणि आईच्या माहेरी जायची छपराची बैलगाडी. दुष्काळामुळं बैल चारा छावणीत होते. त्या उन्हाळ्यात नगरपालिकेचा शिपाई आला. म्हणाला, "आता हे जिल्ह्याचं गाव हाय. गाडी आत घ्या, न्हाईतर उचलून नेऊ." आमचं फाटक दमणीपेक्षा अरुंद. वडील म्हणाले, "इकून टाकू." आई म्हणाली, "म्या हिच्यात बसून नांदायला आले. इकायची न्हाई." पदर खोचून तिनं आखाचे खिळे ठोकून काढले, चाकं घरंगळत आत आणली, बाकीचा सांगाडा आम्ही आडवा करून ओढला. पण चाकाचं लाकूड वाळलं की वरची लोखंडी धाव निसटते, त्याला पाणी पाजावं लागतं, आणि नळ आठवड्यातून एकदा यायचा. मग आईनं न्हाणीत चाक आडवं टाकलं आणि आम्हा भावंडांना त्याच्यावर बसवून आंघोळ घालू लागली. आज हे चाक, उद्या ते. पाऊस पडून बैल परतले तोवर एकही धाव हलली नव्हती. त्यातलं एक चाक आता माझ्या फ्लॅटबाहेर, जिन्यात आहे. "अडगळ हटवा," अशी सोसायटीची नोटीस काल आली. आज सकाळी मी ते घरात घेतलं, बाथरूममध्ये आडवं टाकलं आणि त्याच्यावर बसून आंघोळ केली.