चाकांवरचं घर आणि आत्याचा ओटा

घर म्हणजे नेमकं काय, हे मला बांधकामाच्या नियमांनी शिकवलं. त्याआधी मी उगाचच आयुष्यभर घरात राहत होतो!

आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आली. सगळे आडवे झाले की तिची गादी पडायची आणि सगळ्यांच्या आधी उचलली जायची. करमाडजवळ तिच्या वाट्याची जमिनीची चिंचोळी पट्टी होती. "एक खोली बांधून दे बाबा," ती म्हणायची, "जिथं मला कुणी 'जरा सरक' म्हणणार नाय."

मी नियम वाचायला घेतले आणि मला त्यांची गोडीच लागली. रस्त्यापासून इतकी जागा सोडा, दोन्ही शेजाऱ्यांकडून इतकी सोडा. सगळ्यांसाठी सोडून झाल्यावर आत्यासाठी जे उरलं, त्यात खोली नव्हे, बोळ झाला असता. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. नियम बांधकामाला आहेत ना? चाकांवरच्या घराला कसलं बांधकाम! शेंद्र्याच्या एका वर्कशॉपमधून ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्र्याची खोली करवून घेतली. खिडकी, मोरी, सगळं. ट्रॅक्टरमागं ती करमाडला निघाली तेव्हा पुढं स्कूटरवर मी, घोड्यावरच्या नवरदेवाच्या ऐटीत.

आत्या राहायला गेली. काही दिवसांनी मी सहज डोकावलो, तर दारापुढं दगड-सिमेंटचा ऐसपैस ओटा! वर शहाबादी फरशी. तो खोलीला इतका चिकटवलेला की पुढची चाकं सिमेंटात गडप.

"आत्या, हे काय गं?"

"ओट्याबिगर घर असतं व्हय? आल्यागेल्या बायका काय रेशनच्या रांगेत उभ्या ऱ्हातील?"

एवढ्यात परवानगी तपासणारे साहेब आले. "ही खोली नाही साहेब, गाडी आहे," मी सांगितलं. त्यांनी खोलीभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"गाडी म्हणता, तर हलवून दाखवा. नाही हलली तर हे बांधकाम. मग काढावं लागेल."

आत्या माझ्याकडं बघायला लागली. औरंगपुऱ्यातली गादी मला तिच्या डोळ्यांत दिसली.

शेजारचे मेंढ्यावाले मामा ओट्यावरच टेकले होते. ते म्हणाले, "साहेब, आमची बिऱ्हाडं पिढ्यान्पिढ्या घोड्यावर फिरत्यात. परवाना कुणी मागितला नाय."

"मामा, तुमच्या घोड्याचे पाय सिमेंटात नसतात," साहेब म्हणाले.

मामांनाही हसू फुटलं. आत्या मात्र हसली नाही. तिनं फरशीवरून एकदा हात फिरवला.

"फोडा," ती म्हणाली.

मामांनी पहार आणली. मी दोन घाव घातले आणि सल्ला देण्याचं काम पत्करलं. चाकं मोकळी झाल्यावर बाजूच्या रानातला ट्रॅक्टर बोलावला.

"आत्या, खाली उतर."

"मी का उतरू? माझं घर हाय." आणि ती दारात चौकट धरून उभी राहिली.

ट्रॅक्टर गुरगुरला. घर कुरकुरलं, डुललं आणि आत्यासकट चांगलं चार हात पुढं सरकलं. आत भांडी वाजली, बाहेर आम्ही टाळ्या वाजवल्या.

"बस, बस! गाडीच आहे," साहेब म्हणाले.

मी ट्रॅक्टरवाल्याला घर जागेवर मागं घ्यायला सांगत होतो, तेवढ्यात आत्या ओरडली, "ऱ्हाऊ दे हितंच! हितनं रस्ता दिसतो." मग साहेबांकडं वळून म्हणाली, "चहा टाकते साहेब. पण उभ्यानंच घ्या. बसायची सोय तुम्हीच फोडायला लावली."

साहेबांनी चहा उभ्यानंच घेतला.