कोरडा दोर

लढाईच्या दिवसांत जळगावात आमची कापसाच्या जिनिंग गिरणीमागची वस्ती इतकी दाटली, की नळावर रोज भांडण व्हायचं आणि भाडं दर दिवाळीला वाढायचं. शेजारचे आबा एका खोलीत नऊ माणसं घेऊन राहत, पण नरडाणा गावातलं एक रिकामं घर रोज सुचवत ते मला. "तठलं पानी गोड शे, भाऊ." माझ्या भल्याची एवढी काळजी त्यांना कशी, हे मला तेव्हाही खटकत होतं. तरी बायकोला घेऊन पहाटेच्या गाडीने गेलो.

घर खरंच मोकळं होतं. मालकाने भरलेले हंडे दाखवले, गूळपाणी दिलं. बायको परसातल्या विहिरीपाशी गेली आणि तिने दोर हातात घेतला. ऐन पाणी भरायची वेळ, आणि दोर खडखडीत कोरडा. हंडे मग कुठून भरले, हे मी विचारलं नाही. त्याने खरं सांगितलं नसतंच.

संध्याकाळी परतलो, तर आमच्या ओट्यावर आबा बाज टाकून निजले होते. बाजेच्या पायांखाली विटासुद्धा लावून झाल्या होत्या.