गोधड्यांची भिंत

आमच्या आत्याला एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलेली नाही. जेवतानासुद्धा ती अर्धी उठलेलीच असते. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते. हिच्या दोन्ही पायांना वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. धंदा गाद्या-उशा शिवायचा, पण दुकान कायम वाऱ्यावर, कारण बाई गल्लीच्या टोकाला, लोकसंगीताच्या शाळेत.

ही शाळा म्हणजे पूर्वीचं लोखंडाचं गोदाम. आठवडाभर वर्ग चालतात, शनिवारी गाण्याचा कार्यक्रम. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, तिथे अर्धं आयुष्य ढोल शिकवला. शाळेतून कुणी नफा कमवायचा नाही हा पहिल्यापासूनचा नियम, आणि तो पाळायला कुणाला कधी कष्ट पडले नाहीत. शाळा उभी होती ती गल्लीच्या जिवावर. सुतार येऊन मंच ठोकून द्यायचा, लाँड्रीवाला पडदे धुऊन द्यायचा, कुणी झाडायला यायचं, कुणी नुसतंच सल्ले द्यायला. आत्याला स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. ती टाळ्यासुद्धा बेतालात वाजवते. पण काकांना अर्धांगवायू झाला आणि तिने त्यांना हॉस्पिटलातच सांगून टाकलं, "तुमची शाळा मी बंद पडू देणार नाही." झालं. त्या दिवसापासून भिंगऱ्या दुप्पट वेगाने फिरायला लागल्या.

मग तक्रार आली. समोरच्या घरात एक नर्स राहते. तिने गोदामाच्या मालकाला कळवलं की ढोलामुळे झोप होत नाही. मालक म्हणाला, "पुन्हा कुणी माझ्याकडे आलं, तर मी कुलूप लावणार." दुसरं कुणी असतं तर आधी नर्सला भेटलं असतं. आत्या घरोघर गेली आणि जुन्या गोधड्या मागितल्या. गल्लीने हात आखडता घेतला नाही. फाटक्या गोधड्या आल्या, चांगल्या आल्या, बाळंतपणातल्या आल्या, एकाने तर अंगावरची काढून दिली. आत्याने त्यांत कापूस भरला, जाड थर शिवले आणि सुताराकडून चारही भिंतींना, दारांना, खिडक्यांना ठोकून घेतले. आत सगळे ढोल एकदम बडवायला लावले आणि स्वतः बाहेर रस्त्यावर उभी राहिली. चिडीचूप! बाईला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच सुमाराला काका खंगायला लागले. जेवण टाकलं. बोलणं आधीच जड, ते जवळजवळ थांबलं. आत्याने डॉक्टर बदलला, औषध बदललं, उशी बदलली, पलंगाची दिशा बदलली. रोज संध्याकाळी शाळेतून धापा टाकत यायची आणि सांगायची, "आज वर्ग कसा भरला होता म्हणून सांगू!" काका भिंतीकडे तोंड करायचे. तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती आणखी पळायची.

शेवटी जिन्यात तिचा पाय मुरगळला. मला फोन आला, कारण तिला घरात धरून ठेवणं हे एका माणसाचं काम नव्हतं आणि काकांना उठता येत नव्हतं. मी तिचा पाय स्टुलावर ठेवला आणि समोर ठाण मांडून बसले. ती चुळबुळत होती. "आता वर्ग सुरू झाला असेल. पोरांना चटया कुणी घातल्या असतील? पंखा लावायचा राहिला असेल."

"आत्या, बस!"

"बसलेय की. पण किती शांत आहे गं इथे. नेहमी असंच असतं का?"

यावर काका बोलले. एकेक शब्द ओढत, पण स्पष्ट.

"कधी बंद झाली?"

"काय?"

"शाळा. मला कळत नाही होय? खिडकीतून सगळं ऐकू यायचं. आता काहीच नाही. तू रोज बाहेर जाऊन बसतेस आणि खोटं सांगतेस. म्हटलं, माझ्यासाठी एवढा जीव काढतेय, तर सांगू दे."

मला आधी काकांचा राग आला, मग आत्याचा, मग आम्हा सगळ्यांचाच. रोज येणारी-जाणारी आम्ही माणसं. एकालाही सुचू नये? वर्गाच्या वेळी आत्या कधीच घरी नसायची, त्यामुळे घरात काय ऐकू येतं हे तिला माहीतच नव्हतं.

आत्याने कापडाची मोठी कात्री उचलली आणि लंगडत जिना उतरली. मी "अगं पाय, पाय!" करत मागे. शाळेत शिरून तिने आपल्या घराकडच्या खिडकीची गोधडी उभी फाडली. वर्ग जागच्या जागी थिजला. कापूस सगळीकडे उडाला. तेवढ्यात ड्यूटीवर निघालेली नर्स खिडकीपाशी थांबली. आत्याने कात्रीसकट हात जोडले.

"तुमची झोप मोडते, ठाऊक आहे मला. पण एवढी एक खिडकी उघडी राहू द्या. घरी माणूस आहे माझं."

"अहो, पण मी संध्याकाळी कुठे झोपते?" नर्स म्हणाली. "दुपारच्या तालमीने त्रास व्हायचा. तुम्ही एकदा विचारायचं तरी!"

आत्याला रडायचं की हसायचं कळेना. मग तिने मुलांकडे वळून हुकूम सोडला, "वाजवा! जोरात वाजवा!"

आम्ही वर पोहोचलो, तेव्हा आवाज आमच्या आधी घरात आलेला होता. काका खिडकीकडे वळले होते. गाल भिजलेले, कपाळाला आठी. इतके दिवस त्यांनी एकाही शिष्याला आपला हा अवतार पाहू दिला नव्हता. कुणी भेटायला आलं तर आत्या दारातूनच परत पाठवायची.

"त्यातला एक जण घाई करतोय," ते म्हणाले. "उद्या वर पाठव त्याला."