एकच कॅसेट ऐकणारे अरविंदराव

अरविंदरावांची व माझी ओळख देवासच्या कारखान्यात झाली. ते कोल्हापूरहून नोकरीला आले होते. आम्ही दोघे एका खोलीत राहू लागलो. त्यांच्यापाशी एकच कॅसेट होती, परदेशात प्रशिक्षण घेऊन आलेल्या एका साहेबांनी नको म्हणून दिलेली. अमेरिकेतल्या काही काळ्या तरुणांचा तो पहिलाच रॅप अल्बम. सुटीच्या दिवशी अरविंदराव टेपला कान लावून बसत. शेजारी विचारत, "भिया, ये गाना है कि झगड़ा?" ते हसून म्हणत, "दोन्ही."

इंग्रजी त्यांना बेताचेच येई. तरी एकेक ओळ थांबवून, शब्दकोश चाळून त्यांनी सबंध अल्बम वहीत उतरवला. दोन वर्षे लागली. "ही माणसं आपल्या गल्लीचं नाव घेऊन बोलतात," ते मला म्हणाले. "मग आपण का नाही?" आणि त्यांनी मराठीत लिहायला घेतले : पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचे प्रेसशॉप, रात्रपाळी, मेस, गावाकडून न आलेली पत्रे.

गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर त्यांनी ते म्हटले. तबलजींना ठेका सापडेना, तेव्हा टेबलावर स्वतःच बोटांनी ताल धरला. लोक आधी हसले, मग उठू लागले. "पुरे आता, आरती व्हायची आहे," असे एका ज्येष्ठांनी सांगितले. अरविंदरावांनी हातातली ओळ पुरी केली, नमस्कार केला आणि ते खाली उतरले. उठून गेलेल्यांत मीही होतो. त्यांना हे मी कधी सांगितले नाही. आज सर्वांसमक्ष लिहितो.

पुन्हा ते मंचावर गेले नाहीत. लिहीत मात्र राहिले. पुढे प्रेसवर एका सहकाऱ्याची बोटे गेली आणि चूक त्याचीच ठरू लागली. चौकशीत आम्ही सारे गप्प होतो. अरविंदराव उभे राहिले. यंत्राची संरक्षक जाळी कधी काढली, कोणी काढायला लावली, तक्रार कोणाकडे केली, हे सारे त्यांनी न अडखळता मांडले. सहकाऱ्याला न्याय मिळाला. अरविंदरावांची बदली धार जिल्ह्यातल्या शाखेत झाली. जुळत आलेले लग्नही त्या गडबडीत मोडले. तिथे बरीच वर्षे ते एकटेच राहिले. मी दोनदाच भेटायला गेलो.

ते देवासला परतले तेव्हा माझी मुक्ता शाळेत होती. हिंदी शाळेमुळे मराठी वाचताना ती अडखळे. अरविंदरावांनी आपली वही तिच्यापुढे ठेवली व ओळीखाली बोट फिरवत, ठेका धरत तिला वाचायला लावले. "काका, हे तर आपण बोलतो तसंच आहे!" ती ओरडली. आज मुक्ता मराठी-माळवीत रॅप लिहिते.

गेल्या वर्षी तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. अरविंदराव पहिल्या रांगेत होते. प्रेसच्या आवाजाने त्यांचे कान तोवर पार गेले होते. कार्यक्रमानंतर मुक्ताने कागदावर लिहून विचारले, "कसं झालं?"

"ऐकू आलं नाही, बाळ," ते म्हणाले. "पण श्वास बरोबर जागी घेतलास."

अरविंदराव साठीत प्रवेश करीत आहेत. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, हीच प्रार्थना. त्यांच्या सुहृदांना एक विनंती : त्यांच्याकडे गेलात तर कडी वाजवून परत फिरू नका. दार ढकलून आत जा. ते घरातच असतात.